पाकसाधनांची निवड आणि अपंग व्यक्ती : क्रिया व खूण यांच्या अंगाने विचार

मराठीतील स्वयंपाकविषयक क्रियापदांची यादी करावयास घेतली म्हणजे एक गोष्ट लवकरच ध्यानात येते. सोलणे, चिरणे, किसणे, कुटणे, वाटणे, दळणे, मळणे, लाटणे, थापणे, ढवळणे, परतणे, गाळणे, वेळणे, ओतणे ही क्रियापदे पदार्थाचे काय झाले एवढेच सांगत नाहीत; हात कसा चालला हेही सांगतात. कुटताना हात वरखाली जातो, वाटताना पुढेमागे जातो, दळताना गोल फिरतो. तिहींचा परिणाम पदार्थ बारीक होणे हाच. तथापि भाषेने त्यांस तीन नावे दिली, कारण शरीराच्या दृष्टीने त्या तीन निरनिराळ्या क्रिया होत्या. मिक्सर घरात आल्यावर या तिन्ही क्रिया एका खटक्यात गोळा झाल्या. बोलण्यात मात्र ‘चटणी वाटली’ असेच आपण म्हणत राहिलो. क्रियापद टिकले, त्यातील हात गेला.

शारीरिक न्यूनता असलेल्या व्यक्तीसाठी स्वयंपाकाची साधने निवडावयाची झाल्यास विचाराचा आरंभ या क्रियापदांपासून करणे सोयीचे ठरते. ‘तिला स्वयंपाक जमत नाही’ हे विधान जवळजवळ नेहमीच चुकीचे असते. संधिवाताने बोटे आखडलेल्या व्यक्तीला ढवळता येते, परतता येते, चव पाहता येते. पिळता येत नाही आणि जड भांडे उचलून ओतता येत नाही. अर्धांगवायूने एक हात गेलेल्या व्यक्तीला ओतता येते, पण लाटता येत नाही. पूर्ण अंध व्यक्तीला बहुतेक सर्व क्रिया येतात. तिला अडते ते क्रियेपाशी नव्हे, क्रियेच्या खुणेपाशी. म्हणजे प्रत्येक ठिकाणी दोन-तीन क्रियापदे अडलेली असतात आणि त्या दोन-तिनांपायी सगळे वाक्यच रद्द करण्यात येते. ‘तू बस, आम्ही करतो’ हे घरातील प्रेमाचे वाक्य याच अर्थाने विचार करण्याजोगे आहे. स्वतःचा चहा स्वतः करून घेता येणे आणि तो कोणी करून देईल म्हणून वाट पाहत बसणे यांत जे अंतर आहे, ते घरातील स्थानाचे अंतर आहे. (‘व्यक्ती’ हा शब्द मराठीत स्त्रीलिंगी असल्यामुळे या विवेचनात ‘ती’ असे वारंवार येईल, त्यावरून स्वयंपाक हे स्त्रीचेच काम असा अर्थ कोणी काढू नये.)

कायद्याची परिभाषाही याच दिशेने सरकली आहे. भारतात १९९५ च्या कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले. संख्येपेक्षा व्याख्येतील फरक अधिक महत्त्वाचा आहे. नव्या कायद्याच्या व्याख्येत दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियविषयक न्यूनता एवढेच येत नाही. त्या न्यूनतेची अडथळ्यांशी गाठ पडून समाजातील सहभागाला बाधा येणे हा व्याख्येचाच भाग आहे. भारताने २००७ साली संमती दिलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्यातून ही कल्पना आली. स्वयंपाकघरात ती फार ठळकपणे दिसते. अडथळा म्हणजे तेथे एखादे झाकण, एखादी मूठ, एखादी गुळगुळीत काच असते. आणि झाकण बदलता येते.

क्रियेचे घटक पाडून पाहण्याची ही पद्धत नवी नाही. अमेरिकेत फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी कारखान्यातील हातकामाचे विश्लेषण करून शोधणे, पकडणे, नेणे, धरून ठेवणे, सोडणे अशा सतरा-अठरा मूलक्रिया ठरविल्या आणि त्यांना आपलेच आडनाव उलट लिहून ‘थर्ब्लिग’ असे नाव दिले. भाषाशास्त्रात स्वनिमांचे जे स्थान, तेच या पद्धतीत थर्ब्लिगचे म्हणता येईल. मोजक्या एककांच्या जुळणीतून सगळे काम उभे राहते. पतीच्या मृत्यूनंतर लिलियन गिलब्रेथ यांनी ही दृष्टी स्वयंपाकघराकडे वळविली. १९४४ साली एड्ना योस्ट यांच्यासह त्यांनी अपंगांच्या सामान्य जीवनाविषयी एक पुस्तक लिहिले, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस हृदयविकार असलेल्या गृहिणींसाठी, श्रम वाचतील व बहुतेक काम बसून करता येईल अशा स्वयंपाकघराची आखणी केली. आपल्याकडे १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. रुग्णाला रोजच्या जीवनातील कामे पुन्हा करता यावीत हे या शास्त्राचे उद्दिष्टच असल्यामुळे स्वयंपाकाची साधने त्याच्या कक्षेत आपोआप आली. साधनाची निवड ही चैनीची गोष्ट नसून उपचाराचा भाग आहे, हा विचार महाराष्ट्रात तेव्हापासूनचा आहे. तो रुग्णालयाबाहेर, भांड्यांच्या दुकानापर्यंत पोहोचला नाही एवढेच.

प्रथम हाताच्या क्रिया घेऊ. चाकूने चिरण्यात दोन हात लागतात : एक भाजी धरतो, दुसरा पाते चालवितो. पाश्चात्त्य देशांत एका हाताच्या व्यक्तीसाठी या अडचणीवर जो उपाय काढण्यात आला, तो म्हणजे खिळे असलेली फळी. बटाटा खिळ्यांत रोवावयाचा म्हणजे धरणाऱ्या हाताचे काम फळी करते. आपली विळी हा प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडविते. तिच्यात पाते स्थिर असते आणि भाजी चालते. पाट पायाने दाबून धरलेला असतो. म्हणजे ‘धरून ठेवणे’ ही क्रिया हाताकडून पायाकडे गेलेली आहे. दोन्ही हात असताना विळी अधिक सोयीची हे खरे, परंतु एका हातानेही मिरची, भेंडी, गवार, पालेभाजी विळीवर चिरता येते आणि हे चाकूने साधत नाही. अशा व्यक्तीच्या घरातून ‘धोक्याची’ म्हणून विळी आधी काढण्यात येते आणि सुरी हाती देण्यात येते, हा उलटा न्याय आहे. विळीची खरी मर्यादा निराळी आहे : तिला जमिनीवर बसणे लागते. गुडघे गेलेल्या किंवा चाकाच्या खुर्चीतील व्यक्तीला ती ओट्याच्या कडेस घट्ट बसवून द्यावी लागेल, आणि पाते उघडे राहणार नाही अशी आच्छादनाची सोय करावी लागेल. हाताला कंप असेल तर मात्र विळी आणि चाकू दोन्ही बाजूला ठेवून, भाजी आत बंद होऊन दोरी ओढल्याने किंवा वरून दाबल्याने चिरली जाते असे यंत्र घेणे इष्ट.

लाटणे आणि थापणे यांचाही असाच फरक आहे. लाटण्यावर दोन्ही हातांचा सारखा भार पडावा लागतो. एका हाताने लाटू गेल्यास पोळपाट सरकतो आणि पोळी एका अंगास जाड राहते. पोळपाटाखाली ओले फडके अथवा रबरी चटई घातल्याने सरकणे थांबते, जाडीचा प्रश्न उरतोच. भाकरी मात्र एका तळव्याने थापता येते. अडते ती तव्यावर टाकताना, आणि त्यासाठी रुंद उलथणे किंवा बिनकाठाची थाळी उपयोगी पडते. पोळी करण्याचे विजेवर चालणारे यंत्र वरून दाबून गोळा पसरविते. त्यातही दाब चांगलाच लागतो, आणि दांडा जितका आखूड तितका दाब अधिक. विकत घेताना लांब दांड्याचे घ्यावे, हा तरफेचा साधा नियम येथे पुष्कळदा विसरला जातो. मळणे ही क्रिया बोटांच्या सांध्यांना सर्वांत कष्टाची. ती यंत्राकडे देण्यास कसलीही हरकत नसावी. कणीक हातानेच मळली पाहिजे हा आग्रह चवीचा कमी आणि सवयीचा अधिक असतो.

भारतीय भांड्यांचा एक दोष येथे स्पष्टपणे सांगितला पाहिजे. पातेल्याला कान नसतात. ते उचलण्यासाठी सांडशी लागते आणि सांडशीची पकड म्हणजे सगळ्या बोटांचा अखंड आवळ. क्षणभर आवळ सुटला की उकळते वरण अंगावर. संधिवात, स्नायुदौर्बल्य, कंपवात यांपैकी काहीही असलेल्या व्यक्तीने सांडशी वापरणे म्हणजे दर खेपेला जुगार खेळणे होय. दोन रुंद कान असलेले, उष्णता न धरणाऱ्या मुठींचे भांडे घेतल्यास तेच वजन दोन हातांत विभागले जाते आणि बोटांऐवजी तळवा व मनगट काम करतात. त्याहून बरे म्हणजे ‘ओतणे’ या क्रियापदाच्या जागी ‘काढणे’ हे क्रियापद आणणे. आमटी पातेल्यातून ओतण्यापेक्षा ओगराळ्याने काढावी. भात वेळण्याऐवजी पाणी मोजून घालून शिजवावा. भाजी उकडावयाची असेल तर जाळीच्या टोपलीत घालून पाण्यात सोडावी व टोपलीच उचलावी. पाणी निवेपर्यंत जागेवर राहू द्यावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पाच लिटरांच्या कुकरात तीन लिटर भरले म्हणजे कुकरचे स्वतःचे वजन धरून पाच किलोच्या आसपास भार होतो, आणि तोही अंगापासून दूर, लांब दांड्याच्या टोकाशी पेलावा लागतो. दोन माणसांच्या घरात दोन-तीन लिटरांचा कुकर पुरतो. मोठा कुकर ‘पाहुण्यांसाठी’ घेतला जातो आणि रोज उचलला जातो.

अमेरिकेच्या अपंगविषयक कायद्याखालील २०१० च्या मानकांत हाताने चालवावयाच्या कोणत्याही भागासंबंधी एक नियम आहे. तो भाग एका हाताने चालविता आला पाहिजे. त्यासाठी घट्ट आवळणे, चिमटीत धरणे किंवा मनगट पिळणे यांची गरज पडता कामा नये. आणि लागणारा जोर पाच पौंडांहून, म्हणजे सुमारे २२ न्यूटनांहून अधिक नसावा. नियम सार्वजनिक इमारतींसाठी केलेला असला तरी घरच्या उपकरणाची परीक्षा त्याने उत्तम होते. आवळणे, चिमटणे, पिळणे ही तीन क्रियापदे घेऊन आपल्या स्वयंपाकघरात फिरले तर काय दिसते? गॅसचा लायटर अंगठ्याने जोर देऊन दाबावा लागतो. शेगडीचे बटन आत दाबून मग फिरवावे लागते, म्हणजे एकाच वेळी दोन क्रिया. मिक्सरचे भांडे पिळून बसवावे लागते व झाकण हाताने दाबून धरावे लागते. कुकरचे बाहेरून बसणारे झाकण दोन्ही दांडे जुळेपर्यंत पिळावे लागते. आतून बसणारे झाकण पिळावे लागत नाही, तिरपे करून आत घालावे व दांडा अडकवावा लागतो. एका हाताच्या व्यक्तीला यांतील दुसरे बहुधा अधिक सोपे, परंतु कंप असलेल्या व्यक्तीला ते तिरपे करणेच कठीण. म्हणून ‘अपंगांसाठी उत्तम कुकर’ अशी एकच शिफारस करता येत नाही. परीक्षेची सोपी रीत अशी की मूठ बंद करून, बोटे न उघडता, उपकरण चालते का ते पाहावे. स्वयंचलित प्रज्वलनाची शेगडी, झाकणाला खटके असलेला मिक्सर, उभ्या दांड्याची तोटी ही साधने या परीक्षेत बऱ्याच अंशी उतरतात.

अशा साधनांसाठी वेगळी ‘रुग्णोपयोगी’ जात निर्माण करणे आवश्यक नसते. १९९० साली अमेरिकेत सॅम फार्बर यांनी पत्नीच्या संधिवातामुळे जाड, मऊ, रबरी मुठीची सोलाणी व तिच्याबरोबरची इतर हत्यारे ऑक्सो या नावाने बाजारात आणली. ती विकत घेणाऱ्यांत निरोगी हातांचेच लोक अधिक निघाले. जे अशक्त हाताला शक्य होते ते सशक्त हाताला सुखाचे होते. याच कल्पनेला वास्तुकार रोनाल्ड मेस यांनी १९८० च्या दशकात ‘सार्वत्रिक रचना’ हे नाव दिले. मेस यांना बालपणी पोलिओ झालेला होता आणि ते चाकाच्या खुर्चीचा वापर करीत.

आता खुणांचा विचार. उपकरण आणि ते वापरणारी व्यक्ती यांच्यात एक प्रकारचे संभाषण चाललेले असते. उपकरण सांगते : मी तापलो आहे, पाणी उकळले, वेळ संपली, झाकण नीट बसले नाही. हे ते दिव्याने, आवाजाने, वासाने, स्पर्शाने किंवा हालचालीने सांगते. ज्या मार्गाने सांगितले तोच मार्ग ऐकणाऱ्याकडे बंद असेल, तर उपकरण कितीही हुशार असले तरी ते मुकेच.

कुकरची शिट्टी हे या दृष्टीने नमुनेदार उदाहरण आहे. ‘तीन शिट्ट्या झाल्या की उतरव’ हे वाक्य मराठी घरात आज पाककृतीचे मापच बनलेले आहे. अंध व्यक्तीला शिट्टीसारखी खूण दुसरी नाही. बहिऱ्या व्यक्तीला मात्र तिचा काही उपयोग नाही असे प्रथम वाटते. प्रत्यक्षात शिट्टीबरोबर वजन उचलले जाते आणि वाफेचा झोत दिसतो, म्हणजे एकच खबर कानाला आणि डोळ्याला अशा दोन मार्गांनी मिळते. अडचण इतकीच की डोळ्याने शिट्टी मोजावयाची तर कुकरकडे पाहत उभे राहावे लागते. तेव्हा बहिऱ्या व्यक्तीने शिट्ट्या सोडून वेळ मोजावा आणि मनगटावर थरथरणारे गजराचे घड्याळ वापरावे. तसेही शिट्टी हे माप ढोबळच आहे. आचेवर, कुकरच्या आकारावर आणि आतील पाण्यावर तिच्यातील अंतर बदलते. एकच संदेश एकाहून अधिक मार्गांनी पाठविणे याला संदेशशास्त्रात अतिरिक्तता म्हणतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली दाखविल्याप्रमाणे, गोंगाटाच्या मार्गातून संदेश शाबूत पोहोचतो तो अशा अतिरिक्ततेच्या बळावर. नैसर्गिक भाषाही याच तत्त्वावर चालतात. मराठीत कर्त्याचे लिंग व वचन क्रियापदावरही पुन्हा उमटते ते व्यर्थ नव्हे. उपकरणात ज्याला कारखानदार अनावश्यक पुनरुक्ती समजून खर्च वाचवितो, तीच एखाद्याची एकमेव वाट असते.

भात शिजविण्याचे विजेचे यंत्र या कसोटीला फार चांगले उतरते. जपानमध्ये १९५५ साली तोशिबा कंपनीने ते बाजारात आणले. त्याची योजना योशितादा मिनामी यांनी केली, आणि भात पुनःपुन्हा शिजवून पाहण्याचे कष्ट त्यांची पत्नी फुमिको हिने घेतले. त्या पहिल्या यंत्रात दोन भांडी एकात एक असत. बाहेरच्या भांड्यातील मोजके पाणी आटेपर्यंत उष्णता शंभर अंशांच्या आसपास राही. ते आटले की उष्णता एकदम चढे, दोन धातूंची जोडपट्टी वाके आणि वीज बंद पडे. आजच्या साध्या यंत्रांत रचना बदलली आहे, तत्त्व तेच. वापरणाऱ्याने एक दांडा खाली दाबावयाचा, भात झाला की तो टक् असा आवाज करून वर येतो. दांड्याची जागा हाताला कळते, आवाज कानाला कळतो, दिवा डोळ्याला दिसतो. विसरभोळेपणा किंवा बौद्धिक न्यूनता असलेल्या व्यक्तीला सर्वांत मोठा आधार म्हणजे ते आपले आपण थांबते. महागड्या यंत्रांत याच जागी आठ-दहा कामांची नावे असलेली सपाट पट्टी येते आणि हे सगळे गुण एकदम नाहीसे होतात.

सपाट काचेची ही पट्टी हा अलीकडील वर्षांतला सर्वांत गंभीर अडथळा आहे आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. अंध व्यक्ती बोटांनी वाचते. उठावाच्या बटनांवर बोट फिरविले तर वाचन होते, दाबले तर आज्ञा होते. दोन्ही क्रिया अलग आहेत. स्पर्शाने चालणाऱ्या काचेवर मात्र बोट टेकणे हीच आज्ञा. म्हणजे वाचता वाचताच बोलणे घडते, आणि काय बोलून गेलो ते कळत नाही. शिवाय काच सगळीकडे सारखी. पूर्वीचा मायक्रोवेव्ह दोन गोल खिट्ट्यांवर चालविणारी अंध गृहिणी नव्या यंत्रापुढे अगतिक होते. तिची दृष्टी तेवढीच आहे. यंत्राने तिच्याशी बोलणे बंद केले.

खिट्ट्यांतही भेद आहेत. ज्या खिट्टीला आरंभी व शेवटी अटकाव आहे आणि प्रत्येक अंशावर जी कटकन अडखळते ती उत्तम. बोटांनी मोजून हवे तेथे थांबता येते. मिक्सरची शून्यापासून तीनपर्यंत जाणारी आणि उलट दिशेने क्षणिक झटका देणारी खिट्टी अशीच आहे. जी खिट्टी अमर्याद गरगर फिरते आणि आकडा पडद्यावर दाखविते ती बाहेरून तशीच दिसली तरी अंध व्यक्तीला सपाट काचेइतकीच निरुपयोगी. इंडक्शनची शेगडी निवडताना हा फरक विशेष पाहावा. या शेगडीचे इतर गुण मोठे आहेत : ज्वाला नाही, त्यामुळे पदर वा बाही पेटण्याचे भय कमी, भांडे उचलताच ती थांबते, सपाट असल्यामुळे भांडे न उचलता ओट्यावर सरकविता येते, आणि वेळ लावून देता येते. उणिवाही तितक्याच ठोस. लोहचुंबक चिकटेल असेच बूड तिला चालते. घरातील ॲल्युमिनियम, तांबे, पितळ व मातीची भांडी बाद होतात, म्हणून तिची किंमत भांड्यांसह धरावी. हृदयात गतिनियामक बसविलेल्या व्यक्तीने आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वीज गेली की चूलच गेली, हे महाराष्ट्रातील खेड्यांत सांगावयास नको.

वासाची खूण सहसा विचारात घेतली जात नाही. स्वयंपाकाच्या गॅसला मूळचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे गंधकयुक्त द्रव्य मुद्दाम मिसळण्यात येते. अंधांना ही खूण पुरते. वृद्धापकाळाने किंवा आजाराने घ्राणशक्ती गेलेल्यांना ती मिळत नाही. त्यांच्या घरी गळतीसूचक यंत्र हवे आणि हा वायू हवेहून जड असल्यामुळे ते जमिनीलगत बसविलेले हवे. बहिऱ्या व्यक्तीच्या घरी त्याच सूचकाला दिवाही हवा.

स्पर्शाची संवेदनाच हरपलेल्यांचा प्रश्न याहून कठीण आहे. कुष्ठरोगात व दीर्घकाळच्या मधुमेहात हाताला ऊन-थंड कळेनासे होते. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथील कामातून दाखवून दिले की कुष्ठरुग्णांची बोटे झडण्यास रोगापेक्षा न जाणवलेल्या जखमा व भाजणे अधिक कारण होतात. वेदना हीही एक खूणच. ती नसेल तर तापलेला स्टीलचा पेला हातात तसाच राहतो आणि भाजल्याचे फोड पाहून कळते. अशा व्यक्तीसाठी लाकडी किंवा उष्णतारोधक मुठी, लांब दांड्याचे झारे व पळ्या, दुहेरी भिंतीचे पेले आणि तापमान डोळ्यांना दाखविणारे दिवे यांची निवड करावी. स्टीलचे एकसंध दांडे असलेली देखणी भांडी तिच्या घरात नसावीत. इंडक्शनवरही अशा भांड्याचा दांडा तापतोच.

जागेविषयी थोडक्यात. चुलीपाशी बसून होणारा स्वयंपाक ओट्यावर आला तेव्हा कंबर दुखणाऱ्यांची सोय झाली आणि उभे राहू न शकणाऱ्यांची गैरसोय. चाकाच्या खुर्चीला ओट्याखाली गुडघे जातील अशी मोकळी जागा लागते. अमेरिकी मानकांत ही उंची २७ इंच आणि ओट्याची कमाल उंची ३४ इंच धरलेली आहे. आपल्याकडे नेमक्या त्याच जागी सिलिंडर असतो. १४.२ किलो गॅसचा भरलेला सिलिंडर लोखंडासह तीस किलोच्या घरात जातो. तो हलविणे खुर्चीतील व्यक्तीच्या आवाक्याबाहेरचे, आणि त्याची कळही खाली वाकून बंद करावी लागते. विजेची बटने बहुतेक घरांत ओट्यामागील भिंतीवर असतात, म्हणजे पेटत्या शेगडीवरून हात न्यावा लागतो. बटने ओट्याच्या दर्शनी कडेला आणणे हे कोणत्याही नव्या उपकरणापेक्षा स्वस्त व अधिक उपयोगी काम आहे. जमिनीवर बसण्याची सवय मात्र अडाणीपणाची खूण समजून मोडण्याचे कारण नाही. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा व अस्थिशल्यविशारद प्रमोद करण सेठी यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस जो कृत्रिम पाय घडविला, त्याचे वैशिष्ट्यच हे की तो लावून उकिडवे बसता येते, मांडी घालता येते आणि अनवाणी चालता येते. ज्यांना जमिनीवर सुखाने बसता येते पण उभे राहता येत नाही, त्यांना खुर्चीवर चढविण्यापेक्षा शेगडी पाटावर उतरविणे योग्य ठरेल. तेथे इंडक्शनची सपाट शेगडी उत्तम, मात्र तार येण्याजाण्याच्या वाटेत येऊ देऊ नये.

२०१६ च्या कायद्याच्या ४३ व्या कलमान्वये सार्वत्रिक रचनेच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या निर्मितीस व वितरणास चालना देण्याचे कर्तव्य शासनाकडे आहे. चालना देणे आणि बंधन घालणे यांत क्रियापदाचाच फरक आहे, आणि तो फरक दुकानात दिसतो. उपकरणाच्या वेष्टनावर वीज किती लागेल हे तारकांनी सांगितलेले असते. एका हाताने चालेल का, न पाहता चालेल का, याची कोणतीही खूण नसते. मजकूरही बहुधा इंग्रजीत. मराठीपुरतेच वाचणाऱ्या, कमी दिसणाऱ्या माणसाला ती बारीक करडी अक्षरे दुहेरी बंद असतात. अशा स्थितीत परीक्षा दुकानातच करावी लागते : बसून पाहावे, मूठ मिटून पाहावे, डोळे मिटून पाहावे, भांड्यात पाणी भरून उचलून पाहावे. पेटी उघडण्यास दुकानदार कुरकुर करतो, करू द्यावी. ज्या व्यक्तीसाठी खरेदी आहे तिलाच घरी ठेवून नातेवाईक दुकानात जातात, ही याहून मोठी अडचण आहे. दुसऱ्याच्या हाताचा अंदाज आपल्या हाताने येत नाही.

घरात आधीच असलेल्या उपकरणाला खुणा करून घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. बंद, मंद आणि मध्यम एवढ्या तीनच जागांवर उठावाचे ठिपके द्यावेत. सगळीकडे दिले की कोणताच ओळखू येत नाही. ठिपके नखरंगाचे, एम-सीलचे किंवा तयार चिकटपट्टीचे चालतात. ब्रेल येत असल्यास १९५१ साली ठरलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी अक्षरेच चिकटवावीत. सपाट काचेवर ठिपका बटनावर न देता बटनाच्या शेजारी द्यावा, म्हणजे बोट आधी ठिपक्यावर टेकेल आणि आज्ञा नंतर सुटेल. फोडणीचे तेल आणि रोजचे पुसणे यांनी हे ठिपके काही महिन्यांत सुटतात. ते पुन्हा बसविण्याचे काम घरातील एका ठरावीक माणसाकडे असावे. आणि वापरणाऱ्या व्यक्तीला विचारल्याशिवाय त्याने त्यांची जागा बदलू नये.